चौथीतला मुलगा अजून अडखळत वाचतो : अध्ययन अक्षमतेविषयी अनुभव हवे आहेत

कृष्णाकाठ

नमस्कार. माझा मुलगा साडेनऊ वर्षांचा आहे आणि सातारा जिल्ह्यातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत चौथीत शिकतो. बोलण्यात तो कोणाला हार जात नाही. एकदा ऐकलेली गोष्ट आठ दिवसांनी तो आजीला बारीकसारीक तपशिलांसह सांगतो, शेतावरच्या मोटारीचा स्टार्टर कशामुळे पडतो हे तो गड्याला समजावतो. पण पुस्तक उघडले की हाच मुलगा मुका होतो. धड्यातल्या तीन ओळी वाचायला त्याला पाच मिनिटे लागतात आणि वाचून झाल्यावर त्याच्या कपाळावर घाम असतो.

त्याच्या चुका मी काही दिवस वहीत टिपून ठेवल्या. 'किल्ला' लिहायचा असेल तर तो आधी क काढतो, मग त्याला वेलांटी आठवते, पण तिच्यासाठी डावीकडे जागाच उरलेली नसते. त्यामुळे ती समासाच्या रेघेवर चढते, नाहीतर उजवीकडे लागून 'कील्ला' होते. 'सूर्य' या शब्दातला रफार कधी स वर जातो, कधी गळतोच. 'अठ्ठावन्न' सांगितले की तो हमखास ८५ लिहितो. शाळेत चुकलेला शब्द दहा वेळा लिहायला देतात. त्यातले पहिले दोन बरोबर येतात, तिसऱ्यात काहीतरी सांडते आणि पुढचे सात तो फळ्यावरून नव्हे, तर स्वतःच्याच वरच्या ओळीवरून उतरवतो. म्हणजे चूक सात वेळा गिरवून पक्की होते.

बाईंचे म्हणणे आहे की मुलगा हुशार आहे पण आळशी आहे. सासूबाई म्हणतात, "त्याच्या बापालासुद्धा चौथीपर्यंत धड वाचता येत नव्हते, पुढे आपोआप सुधारला." एका नातेवाइकांनी इंग्रजी माध्यमात घालण्याचा सल्ला दिला आहे. पुढच्या वर्षी तो पाचवीत जाईल आणि आता पाचवीला वार्षिक परीक्षा असल्यामुळे माझा जीव टांगणीला लागला आहे. त्याची तपासणी करून घ्यावी का, ती कोठे व कशी होते, आणि तोपर्यंत घरी काय करावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

पाटीपेन्सिल

ताई, मी पुण्यात विशेष शिक्षिका म्हणून पंधरा वर्षे काम करते. येथे लिहिलेल्या मजकुरावरून निदान करणे योग्य नाही आणि मी ते करणारही नाही. पण तुम्ही टिपलेल्या गोष्टी इतक्या नेमक्या आहेत की ती वही सांभाळून ठेवा आणि तपासणीला जाताना बरोबर न्या.

सर्वप्रथम डोळे आणि कान तपासून घ्या. मागच्या वर्षी माझ्याकडे आलेल्या एका मुलीला केवळ चष्म्याची गरज होती आणि तिला दोन वर्षे 'ढ' म्हटले गेले होते. दृष्टी आणि श्रवण ठीक असेल तर पुढचा टप्पा बुद्ध्यंक चाचणीचा. या चाचणीची पालकांना भीती वाटते, परंतु तिचा उद्देश उलटा असतो. मुलाची बुद्धी सर्वसाधारण किंवा त्याहून अधिक असूनही वाचन, लेखन किंवा गणित त्याच्या इयत्तेच्या बरेच मागे आहे, ही तफावत दाखवण्यासाठी ती लागते. त्यानंतर वाचन, लेखन, आकलन आणि गणित यांची शैक्षणिक चाचणी होते. त्यासाठी बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने तयार केलेला चाचणीसंच आपल्याकडे प्रचलित आहे. मराठीपुरते सांगायचे तर मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने 'डाली' नावाचा संच तयार केला आहे, जो हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी या चारही भाषांत आहे. तुमचा मुलगा मराठीतून शिकत असल्यामुळे त्याची परीक्षा मराठीतच घ्यावी, असा आग्रह धरा. मराठी माध्यमाच्या मुलाला इंग्रजी उतारा देऊन 'वाचता येत नाही' असा शेरा मारलेले अहवाल मी स्वतः पाहिले आहेत.

वयाचा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, तरी सांगते. साधारण आठ वर्षांच्या आत अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र देत नाहीत, कारण त्या वयापर्यंत वाचन स्थिरावत असते. तुमच्या मुलाने ते वय ओलांडले आहे, तेव्हा 'आपोआप सुधारेल' म्हणून आणखी थांबण्यात अर्थ नाही. सासूबाईंचे निरीक्षण मात्र महत्त्वाचे आहे. ही अडचण घराण्यात चालत येते, त्यामुळे वडिलांचा इतिहास तपासणाऱ्यांना आवर्जून सांगा.

आता वेलांटीविषयी, कारण माझ्या मते सगळ्या प्रश्नाची गाठ तिथेच आहे. आपल्याकडे डिस्लेक्सियाविषयी, म्हणजे वाचनातल्या अध्ययन अक्षमतेविषयी, जे काही लिहिले-बोलले जाते, ते बहुतेक इंग्रजीच्या अनुभवावरून. इंग्रजीत अक्षर आणि उच्चार यांचा मेळ नसल्यामुळे मूल शब्दच चुकीचा वाचते आणि अडचण लवकर उघडी पडते. मराठी बहुतांशी बोलतो तशी लिहिली जाते. त्यामुळे असे मूल अक्षर अक्षर जोडत शेवटी बरोबर शब्दापर्यंत पोहोचते, पण फार सावकाश, आणि वाक्याच्या टोकाला पोहोचेपर्यंत सुरुवात विसरते. 'बरोबर पण हळू' वाचणारे मूल आपल्या वर्गात आळशी ठरते आणि तिसरी-चौथीपर्यंत कोणाच्या डोळ्यांवर येत नाही.

शिवाय देवनागरीची स्वतःची अडचण आहे. इंग्रजी अक्षरे एका रांगेत चालतात. आपल्याकडे काना उजवीकडे, मात्रा वर, उकार खाली, आणि ऱ्हस्व वेलांटी तर उच्चारात नंतर येऊनही लिहिण्यात आधी. रफार ज्याच्या आधी उच्चारायचा, त्याच्याच डोक्यावर बसतो. म्हणजे 'सूर्य' वाचताना मुलाने स, त्याच्या पायाशी ऊकार, पुढे य आणि पुन्हा मागे वळून य च्या डोक्यावरचा र असा प्रवास करायचा. ज्याला ध्वनी आणि चिन्ह यांची जोडी चटकन लावता येत नाही, त्याच्यासाठी ही कसरत आहे. भ-म, घ-ध, थ-य, ब-व, प-ष या जोड्या तर आहेतच.

घरी करता येण्यासारखे काही सांगते. पहिले म्हणजे दहा वेळा लिहिणे बंद करा. ते का, हे तुम्हीच माझ्यापेक्षा चांगले लिहिले आहे. दुसरे, त्याला बाराखडी म्हणता येते का हे न पाहता मधले एखादे अक्षर ओळखता येते का हे पाहा. कित्येक मुले क-का-कि-की गाण्यासारखे घडाघडा म्हणतात, कारण चाल त्यांना पुढे ओढून नेते. पण 'कु' एकटा समोर ठेवला की पुन्हा 'क'पासून गात यावे लागते. ताटात रवा पसरून त्यावर बोटाने अक्षर काढताना तोंडाने आवाज करू द्या आणि वेलांटीचे अक्षर असेल तर 'आधी छत्री, मग माणूस' अशी खूण ठरवून घ्या. तिसरे म्हणजे कागद-पेन्सिल बाजूला ठेवून नुसत्या आवाजांचे खेळ. 'कमळ'मधला क काढला तर काय उरते? 'मळ'. 'पाटी'च्या पा ऐवजी मा ठेवला तर? 'माटी'. भाजी निवडताना किंवा गाडीवर जाताना हे चालते. चौथे, रोज पंधरा मिनिटे एकत्र वाचन. तुम्ही त्याच्याबरोबर मोठ्याने वाचा, बोट ओळीखाली ठेवा, तो अडला की तीन मोजून शब्द सांगून टाका आणि पुढे चला. पंधरा मिनिटे झाली की पुस्तक मिटा, तो रंगात आला असला तरी.

इंग्रजी माध्यमात घालण्याचा विचार कृपया सोडून द्या. ज्याला नियमाने चालणारी लिपी जड जाते, त्याला नियम मोडणारी भाषा देणे म्हणजे आगीतून फुफाट्यात.

ठाणेकर_बाबा

पाटीपेन्सिल यांनी शिकवण्याचा भाग सविस्तर लिहिला आहे, म्हणून मी फक्त कागदपत्रे आणि सवलती यांबद्दल लिहितो. माझी मुलगी दोन वर्षांपूर्वी दहावी झाली.

थोडा इतिहास आधी, कारण शाळेत बोलताना त्याचा उपयोग होतो. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना शालान्त परीक्षेत सवलती देण्याची सुरुवात देशात सर्वप्रथम महाराष्ट्राने १९९६ साली केली. परंतु १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात अध्ययन अक्षमतेचा आणि स्वमग्नतेचाही (ऑटिझम) उल्लेख नव्हता. तो आला २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात, ज्याने दिव्यांगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस केले. त्या कायद्याच्या कलम १६ नुसार मुलांमधील अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखून योग्य शैक्षणिक उपाय करणे ही शिक्षणसंस्थेची जबाबदारी आहे. म्हणजे 'हे आमचे काम नाही' असे शाळेला म्हणता येत नाही. मी हे कलम छापून पालकसभेला नेले होते. मुख्याध्यापकांनी चष्मा लावून दोनदा वाचले आणि आवाज पुष्कळ खाली आला.

सवलतींमध्ये दर तासाला वीस मिनिटे जादा वेळ, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष आणि गणितात अडचण असलेल्यांना गणकयंत्र हे येते. काही मुलांना एखादी भाषा वगळता येते, तर काहींना दहावीच्या गणिताऐवजी सातवीच्या पातळीचे अंकगणित आणि जोडीला कार्यानुभवाचा विषय घेता येतो.

या शेवटच्या सवलतीबद्दल मला कळकळीने सांगायचे आहे. आमच्या शाळेने, जिचे नाव मी लिहिणार नाही, प्रमाणपत्र हातात पडताच गणित सोडण्याचा अर्ज आमच्यापुढे ठेवला. निकालाची टक्केवारी शंभर राहावी हे त्यामागचे कारण नंतर लक्षात आले. मुलीची अडचण वाचनात होती, गणितात नव्हती. शाब्दिक उदाहरण कोणी वाचून दाखवले तर ती ते सोडवत असे. त्या दिवशी आम्ही सही केली असती तर विज्ञान शाखा आणि अभियांत्रिकी पदविका दोन्हींची दारे पंधराव्या वर्षीच बंद झाली असती. सवलत म्हणजे सर्व सवलती नव्हेत. अहवालात नेमकी कोणती अडचण लिहिली आहे ते पाहा आणि तेवढीच मागा.

लेखनिकाचेही असेच आहे. तो परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेतला असतो आणि परीक्षेच्या सकाळीच पहिल्यांदा भेटला तर गोंधळ होतो. माझ्या मुलीने शेजारच्या आठवीतल्या मुलीबरोबर सराव केला. पहिल्या दिवशी हिने इतिहासाचे उत्तर एका दमात सांगून टाकले आणि त्या बिचारीने दुसऱ्या ओळीवरच पेन खाली ठेवले. मनात संपूर्ण वाक्य तयार करायचे, तुकडे पाडून सांगायचे, समोरचीचा हात थांबेपर्यंत गप्प राहायचे, हे जमायला तिला चार महिने लागले. भूगोलातली आकृती तोंडी सांगून काढून घेणे तर शेवटपर्यंत अवघडच गेले.

निवृत्त_मास्तर

मी चौतीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवले. कोणाचे मन दुखावण्याचा हेतू नाही, परंतु काही शंका मांडल्यावाचून राहवत नाही. आमच्या वेळी साठ-साठ मुलांचे वर्ग होते, असली नावे नव्हती आणि तरीही मुले शिकली. आता पोर जरा मागे पडले की आईबाप डॉक्टरकडे धावतात. मोठ्या शहरांत नववी-दहावीत प्रमाणपत्रांसाठी एकदम गर्दी उसळते, हे वर्तमानपत्रांत वाचले आहे. त्यातली खरी किती आणि जादा वेळासाठी काढलेली किती? २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात बालभारतीने 'एकवीस'चे 'वीस एक' आणि 'त्रेसष्ट'चे 'साठ तीन' केले, तेव्हाही मला असेच वाटले होते की, मुलाला पेलत नाही म्हणून विषयच पातळ करायचा, ही सवय बरी नव्हे.

पाटीपेन्सिल

मास्तर, नववीतल्या गर्दीबद्दलची तुमची शंका रास्त आहे. मला स्वतःला ती गर्दी खटकते, पण वेगळ्या कारणासाठी. त्यातल्या पुष्कळ मुलांची अडचण खरी असते आणि ती दुसरीपासून असते. सात वर्षे त्यांच्याकडे कोणी पाहिलेले नसते, आणि दहावी तोंडावर आली की शाळा व पालक एकदम जागे होतात. त्या वयात जादा वेळ मिळतो, वाचन मात्र आता शिकवायला वेळ नसतो.

'वीस एक'ची पुष्कळ थट्टा झाली, पण माझ्या कामाच्या टेबलावरून ती वेगळी दिसली. आपण 'अठ्ठावन्न' म्हणताना आठ आधी उच्चारतो आणि पन्नास नंतर. लिहिताना मात्र पाच आधी आणि आठ नंतर. ताईंचा मुलगा ८५ लिहितो तेव्हा तो कानाशी प्रामाणिक असतो. त्यातून 'एकोणसाठ' म्हणजे साठला एक कमी, हा तिसराच हिशेब. आपल्या बहुतेकांना हे पाठांतराने जमून जाते म्हणून त्यातली अडचण दिसत नाही. मी आजही अशा मुलांना आधी 'पन्नास आठ' म्हणायला लावते, हातात दहाचे पाच गठ्ठे आणि आठ सुट्या काड्या देते, आणि संख्या पक्की झाली की मग 'अठ्ठावन्न' हे तिचे घरातले नाव आहे असे सांगते. विषय पातळ होत नाही, पायरी वाढते.

उलटा_भ

मास्तर, आपल्याला आदराने सांगतो की तुमच्या काळातली सगळी मुले शिकली नाहीत. काही सहावीत शाळा सोडून गेली आणि मास्तरांच्या हजेरीतून त्यांचे नाव कमी झाले, एवढेच. मी त्यातलाच, फक्त रडतखडत दहावीपर्यंत टिकलो. वय चौतीस, कोल्हापुरात फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न बनवण्याच्या कारखान्यात काम करतो. नकाशा मला एका नजरेत कळतो, त्याखालच्या चार ओळींच्या सूचना कळायला वेळ लागतो.

वर्गात ओळीने एकेक परिच्छेद वाचायला लावत. माझ्या आधी किती पोरे आहेत ते मी मोजायचो, माझ्या वाट्याला कोणता परिच्छेद येणार ते काढायचो आणि शेजारच्याकडून तो दोनदा कानात वाचून घेऊन पाठ करायचो. कोणी गैरहजर असलेले माझ्या लक्षात आले नाही की हिशेब चुकायचा आणि मी भलताच परिच्छेद तोंडपाठ म्हणायचो. सगळा वर्ग हसायचा. त्या मोजणीत गेलेल्या डोक्यामुळे धडा काय होता हे मला कधीच कळले नाही.

निदान झाले ते तिशीनंतर, तेसुद्धा मुलीच्या शाळेतल्या एका कार्यक्रमात लक्षणे ऐकून मीच गेलो म्हणून. आता फोन मराठी मजकूर वाचून दाखवतो, बोललेले लिहून देतो, त्यामुळे पुष्कळ सोपे झाले आहे. हा मजकूरसुद्धा बोलून लिहिला आहे आणि बायकोने एकदा नजरेखालून घातला आहे. बँकेचा फॉर्म मात्र मी अजून घरी आणूनच भरतो.

एक विनंती आहे. अशा मुलांना 'मोठमोठे शास्त्रज्ञसुद्धा असेच होते' हे ऐकवू नका. मला ते ऐकून आणखी अपराधी वाटायचे, कारण मला वाचताही येत नव्हते आणि मी शास्त्रज्ञही नव्हतो.

गोदातीर

धाग्याचा विषय वाचनाचा आहे आणि माझी बाजू नेमकी उलटी आहे, पण ती येथे लिहिणे उपयोगी ठरेल असे वाटते. आमचा मुलगा सात वर्षांचा असून स्वमग्न आहे. तीन वर्षांचा असताना तो नाशिकच्या बसस्थानकावर उभा राहून एसटीच्या पाट्या घडाघडा वाचत असे. 'नाशिक–शिर्डी', 'नाशिक–त्र्यंबकेश्वर', जोडाक्षरांसकट. लोक थांबून कौतुक करायचे आणि आम्ही फुगून जायचो. त्याच वेळी त्याला 'पाणी हवे का?' विचारले की तो 'पाणी हवे का?' एवढेच परत म्हणायचा. वाचता येणे आणि समजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कळायला आम्हाला दोन वर्षे लागली. स्वमग्न मुलांपैकी काहींमध्ये असे लवकरचे यांत्रिक वाचन आढळते आणि त्यामुळे निदान लांबते. म्हणून शाळेत 'वाचतो छान' असा शेरा आला तरी वाचलेले स्वतःच्या शब्दांत सांगतो का, हे पाहावे.

त्याच्या वाचनाचा आता आम्ही असा उपयोग करतो की तोंडी सूचनांऐवजी पट्ट्या लिहून देतो. 'डबा उघडायचा', 'खायचे', 'हात धुवायचे' अशा पट्ट्या दप्तराला दोरीने बांधलेल्या असतात आणि काम झाले की तो ती पट्टी उलटवतो. तोंडाने तीन वेळा सांगून जे होत नव्हते, ते पट्टीने होते. प्रार्थनेच्या वेळचा कर्णा त्याला सहन होत नाही, म्हणून शाळेने त्याला पाच मिनिटे उशिरा आत येण्याची परवानगी दिली आहे. यात शाळेचा एक रुपया खर्च झाला नाही.

दाखल्यांबद्दल एवढेच, की स्वमग्नता १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली येते, त्यामुळे 'निरामय' ही एक लाख रुपयांपर्यंतची आरोग्य विमा योजना या मुलांना मिळते. केवळ अध्ययन अक्षमता असेल तर ती मिळत नाही. पालक दोन्हींची गल्लत करून अर्ज करतात आणि तो नाकारला जातो.

पैलतीर

मी न्यू जर्सीत राहते. येथे शाळाच मुलाची तपासणी विनामूल्य करते आणि पालकांसह बसून त्याच्यासाठी वैयक्तिक शिक्षण आराखडा लिहिते. १९७५ च्या कायद्यापासून हा हक्क आहे. व्यवस्था चांगली आहे, म्हणून सल्ला नेहमी चांगला मिळतोच असे नाही. माझ्या मुलाच्या वाचेविषयी एका तज्ज्ञ बाईंनी सांगितले की घरात दोन भाषा असल्यामुळे तो गोंधळतो, तुम्ही मराठी बंद करा. आम्ही आठ महिने ते पाळले. मुलाचे इंग्रजी होते तेवढेच राहिले आणि दर रविवारी आजीशी होणारे त्याचे बोलणे मात्र 'हॅलो'वर आले. नंतरच्या तज्ज्ञांनी स्पष्ट सांगितले की दोन भाषांमुळे डिस्लेक्सिया होत नाही आणि स्वमग्नताही होत नाही. आता आम्ही पुन्हा मराठीच बोलतो. आजीला तो अजून तुटक उत्तरे देतो, पण देतो.

निवृत्त_मास्तर

उलटा_भ यांचा मजकूर मी दोनदा वाचला. परिच्छेद मोजणारी मुले माझ्याही वर्गात असणार. मला एक मुलगा आठवतो, वाचायला उभा केला की तो दर वेळी पाणी प्यायला जाण्याची परवानगी मागायचा, आणि मी त्याला छडी दिली आहे. अधिक काही लिहीत नाही.

ताईंसाठी एक उपयोगाची माहिती देतो. तालुक्याच्या गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात. मुख्याध्यापकांमार्फत पत्र गेले तर ते शाळेत येऊन मुलाला पाहतात. जिल्हा रुग्णालयातही बालकांच्या विकासविषयक तपासणीचे केंद्र असते. थेट पुण्या-मुंबईला धावण्याआधी तेथे चौकशी करावी.

ठाणेकर_बाबा

मास्तरांच्या माहितीला जोडून एक. पुढे स्पर्धा परीक्षांचा प्रश्न येतोच. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली विकासकुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात असे ठरवले की, लेखनिक मिळण्यासाठी चाळीस टक्के दिव्यांगत्वाची अट लावता येत नाही. त्याच वर्षी नीट परीक्षेत डिसग्राफिया, म्हणजे लेखनातली अक्षमता, असलेल्या एका विद्यार्थिनीला जादा तास नाकारला गेला, त्या प्रकरणातही न्यायालयाने परीक्षायंत्रणेची चूक मान्य केली. पण तिला पुन्हा परीक्षेची संधी मात्र मिळाली नाही. म्हणून परीक्षा केंद्रावर न्यायालयाच्या निकालाची प्रत बरोबर ठेवावी आणि नकार मिळाल्यास तो तेथेच लेखी मागावा.

कृष्णाकाठ

दोन महिन्यांनी लिहिते आहे, उशिराबद्दल क्षमस्व. आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिले की ते मी छापून घरात ठेवले आहे.

डोळ्यांची तपासणी झाली, बारीक नंबर निघाला. चष्म्याने डोके दुखणे थांबले, वाचन होते तसेच आहे. कान उत्तम आहेत. गटसाधन केंद्रातील विशेष शिक्षक एकदा येऊन गेले आणि त्यांच्या पत्रावरून पुढील तपासणीची तारीख मिळाली आहे. बाईंना मी वहीतले ते दहा 'किल्ले' दाखवले. तिसऱ्यापासून पुढे चूक कशी उतरत गेली आहे हे त्यांनी बोट ठेवून पाहिले आणि 'माझ्या कधी लक्षातच आले नाही' असे म्हणाल्या. दहा वेळा लिहिणे आता फक्त त्याचेच नव्हे, तर सगळ्या वर्गाचे बंद झाले आहे. फळ्यावरचा गृहपाठ मात्र अजून त्यालाच उतरवून घ्यावा लागतो, आणि तो निम्माच घरी येतो.

रव्याचे ताट रोज संध्याकाळी निघते. 'आधी छत्री, मग माणूस' त्याला फार आवडले आहे. परवा त्याने रव्यात 'किल्ला' काढला, आधी वेलांटी, मग क, आणि कागदावर लिहिताना मात्र पुन्हा क आधी काढला. मग थांबला, स्वतःच खोडले आणि डावीकडे बोटभर जागा सोडून पुन्हा सुरुवात केली.

एकत्र वाचनाला पहिल्या आठवड्यात मीच बसत होते. यजमान दाराशी उभे राहून ऐकत असत. एके रात्री त्यांनी मला सोसायटीच्या कर्जाचे पत्र वाचून दाखवायला सांगितले, आणि लग्नाला बारा वर्षे झाली तरी प्रत्येक पत्र हे मलाच का वाचायला देतात, हे माझ्या तेव्हा ध्यानात आले. आता दोघे बापलेक एकाच ओळीवर बोट ठेवून वाचतात. कोण जास्त अडखळतो यावर त्यांच्या पैजा लागतात.

पुढच्या मंगळवारी तपासणीला जायचे आहे. कोणती कागदपत्रे न्यावीत, हे कोणी सांगेल का?

ठाणेकर_बाबा

आधार कार्ड, जन्मदाखला, मागील सर्व प्रगतिपुस्तके, शाळेचे पत्र, चष्म्याचा आणि कानांचा अहवाल, आणि चालू वर्षाच्या मराठी व गणिताच्या वह्या, न पुसलेल्या, न सुधारलेल्या. प्रत्येकाच्या दोन छायाप्रती काढा. चाचणीला तीन-चार तास लागतात आणि भुकेल्या मुलाची उत्तरे खाली येतात, म्हणून सकाळी त्याला पोटभर खायला घाला व डबा बरोबर न्या. यजमानांनाही घेऊन जा, त्यांच्या लहानपणाविषयी विचारतील.